महाराणी आणि तीन वर्तुळं

तिला महाराणी म्हणत, पण ते कौतुकाने नव्हे. तळ्याकाठच्या त्या वस्तीत कुणाचं कौतुक करायची पद्धतच नव्हती. ती रस्त्याने निघाली की मान अशी ताठ, की समोरून येणाऱ्याला वाटावं, हिच्या वाटेत आलो हा आपलाच गुन्हा. मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "निघाली स्वारी." तिला ते ऐकू जायचं. मग ती मान आणखी थोडी वर करायची.

बाई लव्हाळ्याच्या चटया विणायची. फार छान विणायची अशातला भाग नाही. एक कड नेहमी थोडी आत गेलेली असायची. पण गिऱ्हाइकाने त्या कडेवर बोट ठेवलं की तोंडाचा पट्टा असा सुटायचा, की ते बिचारं चटई काखोटीला मारून पळ काढायचं. तळ्याच्या काठाकाठाने लव्हाळं माजलेलं, आणि अर्धी वस्ती त्यावरच जगणारी. पलीकडच्या कोपऱ्यात चिखल खोल होता आणि जळवांचा सुळसुळाट होता, म्हणून तिकडे कुणी फिरकायचं नाही. महाराणी मात्र विळा घेऊन तिकडेच उतरायची. तो कोपरा तिचा, असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. तिच्याशी भांडायचं कोण, एवढ्याच कारणाने तो तिचा झाला होता, आणि तिचं पोट त्यावर चाललं होतं.

नवरा होता तोवर बरे दिवस होते. त्याची स्वतःची नाव होती. तो खोकून खोकून गेला, आणि नाव गेली धाकट्या दिराकडे. मुलगा शहरात गेला तो शहराचाच झाला. आधी त्याचे फोन यायचे, मग त्याचा नंबर लागेनासा झाला. पण कुणी विचारलंच तर ही सांगायची, "सारखा मागे लागतो, आई इकडे ये म्हणून. मीच जात नाही. मला शहराचं पाणी सोसत नाही." ऐकणारा "हो ना, हो ना" म्हणायचा आणि तिची पाठ वळली की दात काढायचा.

तिच्या घराला लागूनच दिराचं घर. मधे एकच भिंत, आणि भिंतीपलीकडे धाकटी, म्हणजे तिची जाऊ. धाकटी गोड बोलायची. महाराणीचं बोलणं कानाला लागायचं आणि धाकटीचं काळजाला, पण लोकांना राग यायचा तो पहिलीचाच. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा महाराणीने चार पाहुण्यांसमोर तिला विचारलं होतं, "तुमच्याकडे ताटात जेवतात ना गं, की पानावरच?" पाहुणे हसले होते आणि धाकटीही हसली होती. ते हसू तिने जपून ठेवलं होतं.

अशा या वस्तीत प्रकल्प आला. तीन देशांतल्या विद्यापीठांनी मिळून काढलेला होता. नाव होतं, 'लोकसहभागातून नैसर्गिक साधनसंपत्तीचं व्यवस्थापन आणि शाश्वत उपजीविका'. फलक रंगवणाऱ्याची जागा संपली, म्हणून शेवटचा शब्द त्याने कोपऱ्यात दाबून बसवला. वस्तीने त्याचं 'तळ्याचं काम' करून टाकलं.

प्रकल्पाची प्रमुख परदेशी होती, आणि दारातून आत येताना वाकावं लागेल एवढी उंच. म्हणून ती उंच बाई. तिच्याबरोबर दुभाषी म्हणून एक निवृत्त शाळामास्तर यायचे, सगळे त्यांना दुभाषी मास्तर म्हणत. उंच बाई मनाने चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो. या गोष्टीत वाईट माणूस शोधायला निघालात तर अख्खी वस्ती हाती लागेल, पण उंच बाई काही त्यात सापडायची नाही. तळं आटत चाललंय, लव्हाळं विरळ होतंय, हे तिला दिसत होतं आणि त्याने तिचा जीव खरोखर तुटत होता. तिचं म्हणणं एकच: बाहेरच्यांनी काही ठरवायचं नाही, लोकांनी ठरवायचं. 'लोक' हा शब्द ती आपल्या भाषेत अशा भक्तीने उच्चारायची, की दुभाषी मास्तरही तेवढ्या शब्दापुरते सावरून बसायचे. लोक म्हणजे काय चीज असते, हे त्या बाईला लोकांमध्ये राहून कळलं असतं. ती लोकांमध्ये येऊन जाऊन होती.

पहिली सभा सहकारी गोदामात भरली. पोती एका भिंतीला सरकवली, चटया अंथरल्या (त्यातली एक महाराणीची होती, हे तिने येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं) आणि मधल्या फरशीवर खडूने तीन मोठी वर्तुळं काढली. मास्तरांनी समजावलं. पहिलं वर्तुळ ओढाताण होणाऱ्या घरांचं, दुसरं बेताने भागणाऱ्या घरांचं आणि तिसरं चांगलं चाललेल्या घरांचं. प्रत्येक घराचा एक पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर त्या घराची खूण. कुणाची नाव, कुणाचं शिवणयंत्र, कुणाची शेळी. सगळ्यांनी मिळून बोलायचं आणि तुकडा ज्या त्या वर्तुळात ठेवायचा. एकमत व्हायला हवं.

"पण हे कशासाठी?" नावाड्यांपैकी कुणीतरी विचारलं.

मास्तरांनी उंच बाईला विचारलं, आणि परत सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बाई म्हणतात, ते नंतर सांगू. आधी सांगितलं तर माणसं आपल्या फायद्याचं बोलतात. उगाच गरिबी सांगतात. पद्धतच आहे ती त्यांची."

पद्धत चांगलीच होती. उगाच गरिबी सांगणारे तिने पकडले असते. उगाच श्रीमंती सांगणारी बाई त्या तिन्ही विद्यापीठांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती.

तुकडे पडत गेले. किराणा दुकानदार सभेचा मुखत्यार असल्यासारखा पुढे बसला होता. त्याच्या घराचा तुकडा मधल्या वर्तुळात गेला. तिसऱ्यात जावा अशी सगळ्यांचीच इच्छा होती, पण तो "छे छे, कसलं काय!" म्हणाला आणि कुणी ताणून धरलं नाही. धाकटीने आपलं घर पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या रेषेवर ठेवायचा प्रयत्न केला. रेषेवर चालत नाही म्हटल्यावर तिने सुस्कारा टाकून ते पहिल्यात सरकवलं. तिच्या नवऱ्याची नाव बाहेर काठाला डुलत होती. कुणी काही बोललं नाही, कारण पुढची पाळी प्रत्येकाची होती.

मग चटईचं चित्र असलेला तुकडा आला. दुकानदाराने तो उचलला आणि पहिल्या वर्तुळात ठेवला. अगदी सहज, त्यात वाकडं काही नव्हतं. मूठभर डाळ कागदात बांधून नेणारी बाई कोणत्या वर्तुळातली, हे त्याच्याइतकं कोण जाणणार? "बिचारीला आधार तरी कुणाचा आहे," असं कुणीसं पुटपुटलं. आणि धाकटी मऊ आवाजात म्हणाली, "तिथेच बरं. आमच्याच शेजारी."

तो 'बिचारी' शब्द आणि ते 'आमच्याच शेजारी'. महाराणीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठली, वर्तुळांमधून चालत गेली, पहिल्यातला तुकडा उचलला आणि तिसऱ्यात ठेवला. नुसता ठेवला नाही, पायाच्या अंगठ्याने नीट मधोमध सरकवला.

"माझा मुलगा शहरात नोकरीला आहे," ती म्हणाली. "मला काही कमी नाही. ज्यांना कमी आहे त्यांनी तिकडे बसावं."

उंच बाईने मास्तरांच्या कानात काही विचारलं. मास्तर म्हणाले, "बाई विचारताहेत, सगळ्यांना हे मान्य आहे का?"

आता इथे थांबून बघायला हवं. त्या गोदामात असं एकही माणूस नव्हतं, ज्याला खरं ठाऊक नव्हतं. कुणीही एक जण म्हणाला असता, "अहो, कशाला उगाच," तर तुकडा मागे आला असता. पण सगळ्यांनी तोंडात मूग धरले. कुणाला तिने चारचौघांत सुनावलेलं होतं, कुणाच्या चटईला तिने नाक मुरडलं होतं, आणि कुणाला काहीच झालं नव्हतं, पण गंमत बघायला कुणाला आवडत नाही? दुकानदाराने एकवार सगळीकडे नजर फिरवली, खाकरला आणि म्हणाला, "मान्य. एकमत आहे."

"एकमत," मास्तरांनी भाषांतर केलं. उंच बाईने टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

महाराणी त्या दिवशी घरी गेली ती नवरा गेल्यापासून गेली नव्हती अशी गेली. वस्तीने आपल्याला चांगल्या वर्तुळात बसवलं, तेही परदेशी बाईसमोर, आणि धाकटी राहिली ओढाताणीच्या वर्तुळात. वाटेत तिला जो भेटला त्याच्याशी ती दोन शब्द गोड बोलली. लोक एकमेकांना कोपराने ढोसत होते.

पुढच्या सभेत कारण कळलं. तळ्याला विश्रांती हवी होती. लव्हाळं कापणाऱ्यांची संख्या कमी करायची होती, आणि ती न्यायाने करायची होती. म्हणून तिसऱ्या वर्तुळातल्या घरांनी लव्हाळ्याला हात लावायचा नाही, मधल्यांनी बेताने कापायचं, पहिल्यांना मोकळीक. तिसऱ्या वर्तुळात घरं होती मोजकीच. एक लाकडाच्या व्यापाऱ्याचं, एक शाळेच्या मुख्याध्यापकाचं, आणि बाकीचीही अशीच, ज्यांनी जन्मात विळा हातात धरला नव्हता. आणि एक महाराणीचं.

ती इकडेतिकडे बघू लागली, कुणीतरी काही बोलेल म्हणून. जो तो फरशीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी ती दुकानदाराकडे गेली. तो आता तळ्याच्या समितीचा अध्यक्ष झाला होता. गिऱ्हाइकं निघून जाईपर्यंत ती डब्यांपाशी उभी राहिली. उभं राहून वाट बघायची तिला सवय नव्हती.

"ते वर्तुळाचं जरा बघा," ती म्हणाली. "माझं पोट त्याच्यावर आहे."

"मी काय बघणार?" दुकानदार तराजू पुसत म्हणाला. "मी तर तुम्हाला बरोबर ठिकाणी ठेवलं होतं. तुम्हीच उचललंत. आता ते एकमताने ठरलंय. तीन देशांत कळवलंय."

"एवढ्या मोठ्या तळ्यात माझा एक विळा जड झाला का तुम्हाला?"

"मला नाही हो," तो म्हणाला. "लोकांना." आणि नव्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तरी ती एका पहाटे आपल्या कोपऱ्यात उतरलीच. पेंढी बांधायच्या आत समितीची दोन माणसं नावेतून आली. त्यातला एक तिचा दीर होता, धाकटीचा नवरा. त्याने वहिनीच्या हातातून विळा घेतला. हिसकावला नाही, हात पुढे करून मागितला, आणि मागताना "वहिनी, लाजवू नका" असंही म्हणाला. वर्षानुवर्षं ज्या कोपऱ्यात कुणी पाय टाकला नव्हता, तिथे आता पहिल्या वर्तुळातल्या बायका उतरू लागल्या. जळवा त्यांनाही चावत होत्या, पण हक्काने मिळालेल्या जागेतल्या जळवांचं कुणाला एवढं वाटत नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. रंगवून सांगण्यासारखं त्यात काही नाही. साठवलेलं लव्हाळं संपलं. मग तिने घरातल्या जुन्या चटया उसवल्या आणि त्यांच्याच काड्या भिजवून लहान चटया विणल्या. त्या संपल्यावर निजायची चटई उसवली. काड्या जुन्या, ठिसूळ, विणताना मोडायच्या. गिऱ्हाइकं कडेवर बोट ठेवायची आणि ही गप्प बसायची. तोंडाचा पट्टा आपोआप बंद पडला होता, आणि वस्तीला तो बंद पडलेलाही चालेना. "हल्ली काय, भाव खाते," असं लोक म्हणू लागले. रस्त्याने जाताना मान मात्र होती तिथेच होती. मान खाली घालायला शिकायचं तिचं वय राहिलं नव्हतं.

अशात बातमी आली की उंच बाई पुन्हा येणार, आणि एकटी नाही. दुसऱ्या देशांतल्या तळ्यांवर काम करणारे पाहुणे घेऊन येणार. एकमताने चाललेलं तळं त्यांना बघायचं होतं. सभा होणार होती, आणि कुणाला काही अडचण असेल तर बोलायची मुभा होती.

महाराणीने ठरवलं. ते ठरवताना तिला किती जड गेलं असेल, ते ज्याने आयुष्यात कधी हात पसरलेला नाही त्यालाच कळेल. ती आरशासमोर उभी राहून ते वाक्य म्हणून बघायची. आवाज फुटायचा नाही. मग पुन्हा म्हणायची.

सभेला गोदाम भरलं होतं. पाहुणे खुर्च्यांवर, वस्ती चटयांवर. फरशीवर वर्तुळं नव्याने काढली होती आणि तुकडे आपापल्या जागी मांडले होते. अडचणींची वेळ आली तेव्हा महाराणी उठून उभी राहिली. तिने पोत्यांच्या थप्पीला हात टेकला.

"माझा तुकडा चुकीच्या जागी आहे," ती म्हणाली. "मी ठेवला तेव्हा खोटं बोलले. माझं पहिलं वर्तुळ. मुलगा काही पाठवत नाही. मला लव्हाळं कापू द्या."

एवढंच. ज्यांनी तिला जन्मभर पाहिलं होतं त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. मास्तरांनी हळू आवाजात भाषांतर केलं. उंच बाईचे डोळे भरून आले. ती लगेच पुढे झाली, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं की काम होणार.

पण पद्धत ती पद्धत. मास्तर म्हणाले, "बाई म्हणतात, बदल करता येतो. फक्त लोकांपैकी, या घराची माहिती असलेल्या कुणीतरी उठून सांगावं, आणि तुम्ही ते खरं आहे म्हणावं. म्हणजे झालं. तुम्हाला सगळ्यात जवळचं कोण?"

कुणी काही म्हणायच्या आत धाकटी उठली होती. महाराणीने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती, हे पहिल्या रांगेतल्या बायकांनी नंतर शपथेवर सांगितलं.

"मी सांगते," धाकटी म्हणाली आणि डोळ्याला बोट लावलं. "आमच्या जाऊबाई फार मानी, त्या सगळं कशाला सांगतील? मधे एक भिंतच तर आहे. रोज संध्याकाळी त्यांच्याकडून तव्यावर चर्र आवाज येतो. मला वाटायचं, आज काहीतरी चांगलंचुंगलं दिसतंय. पण आवाज येतो आणि वास येत नाही, हे कसं? म्हणून एकदा फटीतून बघितलं. जाऊबाई लव्हाळ्याचे ओले तुकडे तापल्या तव्यावर टाकत होत्या. मला ऐकू जावं म्हणून. मग तवा उतरवला आणि तांब्याभर पाणी प्यायल्या."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याला कुणी दटावलं नाही.

"आणि आमच्या शेळीसाठी मी भाताचं पाणी ओट्यावर ठेवते," धाकटीचा आवाज आता अगदी ओला झाला होता, "तर वळून येईतो भांडं रिकामं. शेळी तर मागे बांधलेली असते. पण मी कधी चकार शब्द काढला नाही. उलट हल्ली त्यात चार शितं जास्तच सोडते. आपलंच माणूस आहे ना."

आता हसू आवरणं अनेकांना जड गेलं. मास्तर पाहुण्यांना वाक्यामागून वाक्य सांगत होते आणि पाहुण्यांचे चेहरे गंभीर होत होते. धाकटीने हे कळवळ्याने केलं की ठरवून, यावर वस्तीत अजूनही दोन तट आहेत. जावा-जावांचं घर ज्याने जवळून पाहिलं असेल, त्याने उगाच डोकं खाजवू नये. तिने एक शब्दही खोटा सांगितला नव्हता.

मास्तर महाराणीकडे वळले. शाळेत अडलेल्या पोराला सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "तुम्ही फक्त हो म्हणा. खरं आहे, एवढंच. तुकडा मी स्वतः उचलून ठेवतो."

हो म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. त्या अक्षरापलीकडे तिचा कोपरा होता, विळा होता आणि तिचं पोट होतं. तिने ओठ उघडले. समोर धाकटी डोळे पुसत उभी होती, आणि बोटांच्या आडून तिच्याकडेच बघत होती.

"खोटं आहे," महाराणी म्हणाली. पोत्यांवरचा हात तिने काढून घेतला. "सगळं खोटं. मीही मघाशी खोटंच बोलले. लव्हाळ्याची हाव सुटली मला, म्हणून गरीब झाले. माझं घर आहे तिथे बरोबर आहे."

"बाई, नीट विचार करा," मास्तर हळूच म्हणाले. "हे मी त्यांना सांगितलं की संपलं. पुन्हा विचारणार नाहीत."

"सांगा की. तुम्हाला पगार कशाचा मिळतो?"

मास्तरांनी सांगितलं. उंच बाईने पाहुण्यांना काहीतरी समजावलं, आणि पाहुण्यांपैकी दोघांनी ते टिपून घेतलं. हावेपोटी आलेली खोटी मागणी माणसाने सगळ्या लोकांसमोर स्वतः मागे घेतली, असं उदाहरण त्यांच्यापैकी कुणीच आजवर पाहिलं नव्हतं. उंच बाईचा आनंद तिच्या उंच अंगात मावत नव्हता.

मग चहा आला आणि बिस्किटांचं ताट फिरू लागलं. ताट महाराणीसमोर आलं तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला नको," ती म्हणाली. "आत्ताच पोटभर जेवून आले."

मास्तरांनी सवयीने तेही भाषांतर केलं. उंच बाईने हसून मान डोलावली आणि ताट धाकटीकडे गेलं.